यादीतील नाव आणि बुडितातील गाव : पूर्व विदर्भातील आरक्षणविषयक वादाचा इतिहास (१९५०–२०२३)

प्रस्तावना

सामाजिक विषमतेची भरपाई शासनाने कशी करावी, हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अनेक लोकशाही राष्ट्रांसमोरचा प्रश्न होता. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या मार्च १९६१ च्या आदेशात ‘अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन’ हा शब्दप्रयोग आला आणि त्यानंतर सहा दशके तेथील वाद मुख्यतः एकाच प्रश्नाभोवती फिरला : वंशाचा विचार करून प्रवेश वा नोकरी देणे न्याय्य आहे काय? १९७८ च्या बॅकी खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरावीक जागा राखून ठेवण्यास नकार दिला, मात्र वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून विचारात घेण्यास मुभा दिली. २९ जून २०२३ च्या निकालाने विद्यापीठीय प्रवेशांपुरती ती मुभाही संपुष्टात आणली. भारतात हा मूलभूत प्रश्न राज्यघटनेनेच बऱ्याच अंशी निकालात काढला होता. त्यामुळे येथील वाद वेगळ्या जागी उभा राहिला. आरक्षण असावे की नसावे यापेक्षा ते कोणाला, आणि ‘कोण’ हे ठरवायचे कशावरून, यावर येथे अधिक शक्ती खर्ची पडली.

पूर्व विदर्भ, विशेषतः वैनगंगेच्या काठचा भंडारा जिल्हा, हे या दुसऱ्या वादाचे फार बोलके क्षेत्र आहे. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे वैनगंगेवर उभ्या राहिलेल्या धरणाच्या परिसरात गोंड, हलबा, कोष्टी, गोवारी, माना, ढिवर, बौद्ध, कुणबी, तेली असे समाज पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आले. यांतील प्रत्येकाचे नाव शासनाच्या कुठल्या ना कुठल्या यादीत आहे. परंतु नाव ज्या रूपात आहे आणि ज्या रूपात समाज स्वतःला ओळखतो, ती दोन्ही रूपे जुळतातच असे नाही. या विसंगतीचा इतिहास मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भंडारा : एक पूर्वपीठिका

या जिल्ह्याचे नाव आरक्षणाच्या इतिहासात प्रथम ठळकपणे येते ते १९५४ साली. भंडारा हा त्या वेळी द्विसदस्यीय लोकसभा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण व दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. त्या वर्षीच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी उभे राहिले आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून पराभूत झाले. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. संयुक्त मतदारसंघातील राखीव जागेचा प्रतिनिधी प्रत्यक्षात कोणाच्या मतांवर ठरतो, हा पुणे करारापासूनचा बाबासाहेबांचा आक्षेप होता. राखीव जागांची घटनात्मक चौकट ज्यांच्या नेतृत्वाखाली आकाराला आली, त्यांनाच त्या चौकटीतील राखीव जागेवर पराभव पाहावा लागला. ही घटना स्थानिक इतिहासात केवळ हळहळीने सांगितली जाते. तिचा घटनात्मक अर्थ मात्र फारसा उलगडला गेलेला नाही.

दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धर्मांतर झाले आणि पूर्व विदर्भातील महार समाज मोठ्या संख्येने बौद्ध झाला. येथे यादीचा पहिला पेच निर्माण झाला. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात हिंदूखेरीज अन्य धर्मीयांना, काही शीख जातींचा अपवाद वगळता, स्थान नव्हते. समाज तोच, वस्ती तीच, गावविहिरीवरची वागणूकही तीच. परंतु धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ असे लिहिताच केंद्र शासनाच्या सवलती बंद होत. महाराष्ट्र शासनाने राज्यापुरत्या सवलती देऊ केल्या, तरी केंद्राच्या आदेशात दुरुस्ती होण्यास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षांच्या या अवधीत अनेक कुटुंबांत घरी एक ओळख व कागदावर दुसरी अशी दुहेरी नोंद निर्माण झाली.

क्षेत्रबंधनाचा काळ

अनुसूचित जमातींच्या बाबतीत पेच याहून गुंतागुंतीचा होता. विदर्भातील जमातींची मान्यता आरंभी सर्व जिल्ह्यांना लागू नव्हती. मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ अशा मोजक्या तहसिलींपुरतीच ती मर्यादित होती व भंडारा जिल्हा या क्षेत्राबाहेर होता. याचा सरळ अर्थ असा की गडचिरोली तहसिलीतील गोंड हा कायद्याने आदिवासी आणि वैनगंगेच्या वरच्या अंगाला राहणारा त्याचा सोयरा मात्र आदिवासी नव्हे. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने हे क्षेत्रबंधन उठवले आणि जुलै १९७७ पासून ही तरतूद अंमलात आली. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे २९.५ लाख होती, ती १९८१ मध्ये ५७.७ लाखांवर गेली. ही वाढ नैसर्गिक नव्हे हे उघड आहे. तिचा मोठा भाग क्षेत्रबंधन उठल्याने मान्यता मिळालेल्या खऱ्या आदिवासींचा होता. मात्र नामसाधर्म्याच्या आधारे इतर समाजांनीही त्याच काळात जमातीची नोंद केली, असा आदिवासी संघटनांचा आक्षेप राहिला, आणि तो निराधार म्हणता येत नाही.

पुढील सर्व वादांची बीजे या कालखंडात आहेत. आज अनुसूचित जमातीचा दावा करणाऱ्याकडून ६ सप्टेंबर १९५० या मानीव दिनांकापूर्वीच्या पुराव्याची अपेक्षा केली जाते. (अनुसूचित जातींसाठी हा दिनांक १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ असा आहे.) परंतु ज्या जिल्ह्यात १९७७ पर्यंत जमातीला मान्यताच नव्हती, तेथे कोतवाल पंजीत किंवा शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत जमातीचे नाव काटेकोरपणे लिहवून घेण्याचे प्रयोजनच निरक्षर कुटुंबाला नव्हते. कोतवालाने वा गुरुजींनी जे ऐकले, जे समजले, ते लिहिले. धंद्यावरून कोणाची ‘कोष्टी’ अशी नोंद झाली, कोणाची ‘गोवारी’, तर कोणाची ‘ढिवर’. अर्ध्या शतकानंतर तीच नोंद न्यायालयात निर्णायक पुरावा ठरली.

एक नियम, तीन निकाल

रसेल व हिरालाल यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात हलबा हे मूळचे रायपूरच्या दक्षिण भागातील तसेच कांकेर व बस्तर संस्थानांतील असून त्यांतील काही भंडारा व वऱ्हाडात पसरल्याची नोंद आहे. विणकाम करणारे पवनी, मोहाडी, नागपूर भागातील हलबा-कोष्टी आपण याच हलब्यांचे वंशज असल्याचे सांगत आले. जंगल आणि शेती सोडून माग हाती घेतला म्हणून जमात बदलत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. महाराष्ट्राच्या यादीत अनुक्रमांक १९ वर ‘हलबा, हलबी’ एवढीच नोंद आहे. ‘कोष्टी’ हा शब्द तेथे नाही. शासनाची परिपत्रके वेळोवेळी बदलत गेली. कधी दाखले सहज दिले गेले, कधी रोखले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने हलबा-कोष्टींच्या बाजूने कौल दिला होता. अखेरीस महाराष्ट्र शासन विरुद्ध मिलिंद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २८ नोव्हेंबर २००० रोजी निर्णय दिला की, राष्ट्रपतींच्या आदेशातील यादी जशी आहे तशीच वाचली पाहिजे. अमुक समाज यादीतील जमातीचा पोटभाग आहे काय, याची चौकशी न्यायालयाला वा शासनाला करता येणार नाही, यादीत बदल केवळ संसद करू शकते. तोवर अंतिम झालेल्या प्रवेशांना व नियुक्त्यांना मात्र न्यायालयाने धक्का लावला नाही.

हाच नियम माना समाजाला लागू झाला तेव्हा फळ उलट मिळाले. माना हे नाव यादीतील अनुक्रमांक १८ वर, गोंड व तत्सम अनेक नावांच्या ओळीत आहे. पूर्वी एका निवडणूक-खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ लावला होता की, गोंडांशी आप्तभाव असलेले माना तेवढेच जमातीत मोडतात. मिलिंद खटल्यानंतर ही भूमिका टिकणे शक्य नव्हते. यादी जशीच्या तशी वाचायची तर ‘माना’ म्हणजे माना. ८ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माना ही स्वतंत्र जमात असल्याचे मान्य केले.

गोवारींच्या वाट्याला मात्र सर्वाधिक वेदना आल्या. गावची गुरे राखणारा, दिवाळीत गायगोधनाला ढाल नाचवणारा हा समाज पूर्व विदर्भाच्या खेड्याखेड्यात आहे. याच अनुक्रमांक १८ मध्ये १९५६ च्या फेरबदल आदेशाने ‘गोंड गोवारी’ असे नाव आले. ही दोन नावे आहेत की एक? २४ एप्रिल १९८५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्पष्ट केले की गोंड गोवारी ही वेगळी जमात असून गोवारी ही वेगळी जात होय. त्यानंतर दाखले मिळेनासे झाले. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी नागपुरात गोवारींचा मोर्चा आला. विधानभवनाजवळ उडालेल्या चेंगराचेंगरीत ११४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने होती. तत्कालीन आदिवासी विकास मंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला, न्यायमूर्ती दाणी यांचा आयोग नेमला गेला. एका संयुक्त शब्दाचा विग्रह कसा करावा, या प्रश्नासाठी एवढे बळी गेल्याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासात आढळत नाही.

या घटनेनंतर शासनाने विशेष मागास प्रवर्गासाठी २ टक्के आरक्षण लागू केले व त्यात गोवारी, कोष्टी व त्यांच्या पोटजाती, कोळी, मुन्नरवार आदींना स्थान दिले. जून १९९५ च्या निर्णयाने तत्पूर्वी जमातीच्या दाखल्यावर नोकरी मिळालेल्यांना संरक्षणही देण्यात आले. राजकीय दृष्ट्या ही तडजोड सोयीची होती. परंतु तिने मूळ मागणी नाकारली नाही आणि मान्यही केली नाही. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मांडले की, ‘गोंड गोवारी’ नावाची वेगळी जमात १९११ पूर्वीच लुप्त झाली होती. अस्तित्वात नसलेल्या जमातीसाठी संसद नोंद करणार नाही. सबब त्या नोंदीचा अर्थ गोवारी असाच घ्यावा. इतिहासाच्या अभ्यासकाला हा युक्तिवाद चिंत्य वाटेल यात शंका नाही. रसेल व हिरालाल यांनीच गोवारींचे गायगोवारी, इंगा आणि मारिया अथवा गोंडगोवारी असे विभाग सांगितले आहेत आणि शेवटचे दोन गोंडांच्या अधिक जवळचे म्हटले आहेत. म्हणजे वासाहतिक ग्रंथकारांना जो फरक समाजांतर्गत व प्रवाही दिसला, त्याच्या एका टोकाचे नाव तेवढे यादीत आले. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी या चर्चेत शिरण्यासच नकार दिला. मिलिंद खटल्याचा नियम प्रमाण मानून उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द झाला. मधल्या काळात झालेले प्रवेश व नियुक्त्या तेवढ्या सुरक्षित राहिल्या.

नियम एकच असूनही त्यामुळे कोष्टींचे दार बंद झाले, मानांचे उघडले आणि गोवारींचे अर्धे उघडून पुन्हा लागले. न्यायालयाची भूमिका चुकीची होती असे यावरून म्हणता येणार नाही. न्यायालयांनी प्रत्येक समाजाच्या वंशावळीचा निवाडा करू लागावे, तर यादी रोज बदलेल आणि बलवान समाज तीत आधी शिरतील. महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींच्या ७ टक्के जागांवर गडचिरोली, मेळघाट वा धारणीच्या मुलाऐवजी शहरातील, पिढीजात शिक्षण असलेल्या कुटुंबातील उमेदवार बसतो, हा आदिवासी संघटनांचा रोष वास्तवावर आधारलेला आहे. ६ जुलै २०१७ रोजी जगदीश बहिरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अवैध दाखल्यावर मिळवलेले लाभ काढून घेतलेच पाहिजेत असे बजावले आणि २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने हजारो कर्मचारी अकरा महिन्यांच्या अधिसंख्य पदांवर गेले, ते याच कारणाने. दोष असलाच तर तो प्रामुख्याने शासनाचा आहे. संसदेत दुरुस्तीचा प्रस्ताव नेण्याचे धैर्य नाही आणि मोर्चाला ‘नाही’ म्हणण्याचेही नाही, अशा स्थितीत चार दशके परिपत्रकांवर कारभार चालला. ज्या विणकराने त्या काळी शासनानेच दिलेला दाखला जोडून नोकरी धरली, त्याला निवृत्तीच्या उंबरठ्यावर बोगस ठरवले गेले. हे न्याय्य नव्हे.

अमेरिकन प्रतिबिंब

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला, डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस यांच्याशी पत्रव्यवहार केला. या परंपरेमुळे आपल्याकडे जात आणि वंश यांची तुलना करण्याचा प्रघात पडला आहे. परंतु पूर्व विदर्भातील वादाला जवळचे अमेरिकन उदाहरण बॅकी खटल्याचे नसून चेरोकी जमातीचे आहे. एकोणिसाव्या शतकात चेरोकी जमातीत कृष्णवर्णीय गुलाम होते. १८६६ च्या तहाने मुक्त झालेल्या या गुलामांना जमातीचे हक्क मिळाले. पुढे डॉज आयोगाने जमातीच्या सदस्यांच्या याद्या केल्या तेव्हा रक्ताने चेरोकी असणाऱ्यांची यादी वेगळी व मुक्त गुलामांची वेगळी झाली. शंभर वर्षांनी, २००७ साली, जमातीने मतदान घेऊन दुसऱ्या यादीतील लोकांच्या वंशजांचे सदस्यत्व काढून घेतले आणि २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने १८६६ च्या तहाच्या आधारे ते परत दिले. तेथेही एका अधिकाऱ्याने कोणत्या वहीत नाव लिहिले, यावर नातवंडांचे भवितव्य अवलंबून राहिले. फरक इतकाच की तेथे न्यायालयाला यादीच्या मागे जाऊन वाचण्यासाठी एक तह उपलब्ध होता. गोवारींच्या हाती असा तह नाही.

यादी आणि भेदभाव

यादीवरील या प्रदीर्घ वादात एक गोष्ट मागे पडली. ज्या भेदभावाच्या निवारणासाठी यादी अस्तित्वात आली, तो भेदभाव यादीतील नावाने आपोआप सिद्ध होत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली. २००८ मध्ये भंडारा येथील सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीच्या शिक्षा पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलल्या. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा मात्र सिद्ध मानला गेला नाही. मृतांच्या जातीविषयी कोणाचाही वाद नव्हता. जात निर्विवाद असूनही जातीय हेतू न्यायालयापुढे उभा राहू शकला नाही. प्रवेशासाठी जात सिद्ध करण्याकरिता तीन पिढ्यांचे कागद तपासणारी यंत्रणा एका बाजूला आणि जातीमुळे झालेला अन्याय नोंदवण्यात अपुरी पडणारी यंत्रणा दुसऱ्या बाजूला, हे दृश्य एकाच जिल्ह्यात दिसते.

गोसीखुर्द : पुराव्याचे स्थलांतर

गोसीखुर्द प्रकल्पाला १९८३ साली मान्यता मिळाली तेव्हा त्याचा अंदाजित खर्च सुमारे ३७२ कोटी रुपये होता. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले आणि २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प घोषित झाला. भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील पाऊणशेहून अधिक गावे त्यामुळे विस्थापित झाली. प्रकल्पाचा खर्च, कालव्यांची रखडगाथा व भ्रष्टाचाराचे आरोप यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आरक्षणाच्या दृष्टीने त्याचा विचार मात्र क्वचितच झाला.

प्रकल्पग्रस्तांना शासकीय सेवेत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर याचा अर्थ असा की ते प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत मोजले जाते. अनुसूचित जमातीच्या प्रकल्पग्रस्त उमेदवाराला दोन दाखले लागतात : एक जमीन वा घर गेल्याचा, दुसरा जमातीचा. पहिला कुटुंबातील एकाच व्यक्तीच्या उपयोगी पडतो, आणि त्यासाठी भावाभावांत वाद होतात. दुसऱ्याची अडचण अधिक खोल आहे. माधुरी पाटील खटल्यात २ सप्टेंबर १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तपासणी समित्यांची कार्यपद्धती ठरवून दिली. तीनुसार दक्षता पथकाने अर्जदाराच्या राहत्या ठिकाणी तसेच त्याच्या मूळ गावी जाऊन चौकशी करावयाची असते. कुलदैवत, लग्नविधी, मयताचे संस्कार, सोयरीक यांची माहिती घेऊन आप्तभाव तपासायचा असतो. महाराष्ट्राच्या २००० च्या जात प्रमाणपत्र अधिनियमाने, जो १८ ऑक्टोबर २००१ पासून अंमलात आला, या पद्धतीला कायद्याचे रूप दिले. दाखलाही मानीव दिनांकास पूर्वज जेथे राहत होते, तेथील सक्षम प्राधिकाऱ्यानेच द्यावयाचा आहे.

ही रचना गाव स्थिर असते हे गृहीत धरते. गोसीखुर्दच्या बुडित क्षेत्रात मूळ गाव पाण्याखाली आहे. गोंडांच्या देवस्थळाची जागा, ढिवरांचे नदीकाठचे दैवत, एकाच भाऊबंदांची वस्ती असलेली ओळ, साक्ष देऊ शकतील असे शेजारचे वृद्ध, हे सगळे एकत्र कोठे उरले नाही. पुनर्वसित गावठाणात भूखंड वाटप होताना जुन्या मोहल्ल्यांची रचना टिकतेच असे नाही. कित्येक कुटुंबे पैसा घेऊन भंडारा, उमरेड, नागपूरकडे गेली. तालुका बदलला, काहींचा जिल्हाही बदलला. जुने पेरेपत्रक व कोतवाल पंजी मात्र मूळ तालुक्याच्या अभिलेख कक्षात. ढिवरांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. भोई समाजाच्या पोटजातींत त्यांची गणना होऊन त्यांना भटक्या जमाती ‘ब’ प्रवर्गाचे आरक्षण आहे. परंतु त्यांच्यापैकी अनेकांची उपजीविका नदीच्या मासेमारीवर असल्याने, जमीन नसलेल्याला प्रकल्पग्रस्त ठरवताना सातबाऱ्यावर उभी असलेली व्यवस्था त्यांना पुरेशी ओळखत नाही. २०१३ साली शासनाने १,१९९.६० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज जाहीर केले व त्यात नोकरीऐवजी एकरकमी रकमेचा पर्याय ठेवला. आर्थिक निकड पाहता लोकांनी तो स्वीकारणे स्वाभाविक होते. त्याबरोबर पुढील पिढीचा सेवेतील मार्ग किती अरुंद झाला, याचा हिशोब कोणी मांडलेला नाही.

२४ मार्च २०२३ रोजी ठाकूर जमातीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे. १९५० पूर्वीचे विश्वसनीय कागद असतील तर केवळ त्या चाचणीच्या आधारे दावा फेटाळता येणार नाही. शिकलेल्या, शहरात वाढलेल्या आदिवासी मुलाला जुने विधी सांगता येत नाहीत म्हणून नाकारले जाऊ नये, या दृष्टीने हा निकाल स्वागतार्ह आहे. त्यामुळे कागदाचे वजन मात्र पूर्वीपेक्षा वाढले. बुडित गावांच्या शाळांच्या दाखल-खारीज नोंदवह्या, कोतवाल पंज्या आणि भूसंपादनाच्या वेळी घरोघर झालेल्या मोजणीची कागदपत्रे यांची गावनिहाय सूची करणे, जीर्ण पाने प्रतिरूपित करणे आणि ती पुनर्वसित गावठाणांच्या ग्रामपंचायतींत उपलब्ध ठेवणे, हे काम महसूल व पुनर्वसन विभागांचे आहे. ते झाले नाही तर १९५० पूर्वीचा कागद मागणाऱ्या समितीसमोर धरणग्रस्त गोंड व हलबा कुटुंबे तेवढी रिकाम्या हाताने उभी राहतील; ज्यांची गावे कोरडी आहेत, त्यांच्यावर हा प्रसंग येणार नाही.